डाळिंबाची फुलदाणी: मूरक्रॉफ्टच्या एका नगाची तपासणी, सही ते भोक

नग असा होता. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका प्रादेशिक लिलावघराच्या यादीत मूरक्रॉफ्ट या इंग्लिश कलाभांड्यांच्या कारखान्याची 'पोमग्रॅनेट' (डाळिंब) नक्षीची फुलदाणी आली. उंची २५ सेंटिमीटर, गडद निळी पार्श्वभूमी, तळाला हिरवी सही आणि ठसा. वर्णनात 'सुमारे १९१३, स्थिती चांगली, झिलईला किरकोळ बारीक तडे' एवढेच म्हटले होते. झिलई म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर. अंदाजे किंमत ३०० ते ५०० पौंड. फोटो तीन: पुढून, मागून आणि तळाचा. विकणारा आणि लिलावघर यांच्या नावांची इथे गरज नाही. घेणारी संग्राहक काही वर्षे याच घराण्याची भांडी जमवणारी होती आणि चांगल्या स्थितीतल्या अशा फुलदाणीसाठी ४५० पौंडांपर्यंत जायची तिची तयारी होती.

शेवटी तिने ती १४० पौंडांच्या बोलीला घेतली. फुलदाणी अस्सल होती, सहीही मुळात खरीच होती. तरीही ४५० पौंड देणे चूक ठरले असते. ते का, आणि हे कोणत्या क्रमाने उलगडत गेले, याची ही नोंद.

मूरक्रॉफ्टबद्दल आवश्यक तेवढे आधी सांगतो. विल्यम मूरक्रॉफ्टचा जन्म १८७२चा, स्टॅफर्डशरमधल्या बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावातला. १८९७मध्ये तो तिथल्या जेम्स मॅकिंटायर आणि कंपनीत रचनाकार म्हणून लागला. 'फ्लोरियन' भांडी त्याने तिथे असतानाच काढली. मॅकिंटायरने कलाभांड्यांचा विभाग बंद केल्यावर १९१३मध्ये त्याने जवळच्या कॉब्रिजला स्वतःचा कारखाना उभारला. त्यात लंडनच्या लिबर्टी या दुकानाचे भांडवल होते. डाळिंबाची नक्षी १९१०ची, म्हणजे मॅकिंटायरच्या दिवसांतली, आणि ती पुढे १९३०च्या दशकापर्यंत निघत राहिली. सुरुवातीच्या नगांची जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग, हिरवट-पिवळसर असते, नंतरच्यांची गडद निळी. बर्स्लेमचे नाव मुंबईला अगदी परके नाही. लेखक रडयार्ड किपलिंगचा बाप जॉन लॉकवुड किपलिंग १८६५मध्ये सर जे. जे. कलाशाळेत शिकवायला आला, त्याआधी तो बर्स्लेमच्याच एका भांडी-कारखान्यात काम करत होता.

पुढची प्रत्येक चाचणी भांडे कसे बनते यावर उभी आहे, म्हणून ते जरा सविस्तर पाहू. मातीचे भांडे अर्धवट वाळलेले, चामड्यासारखे घट्ट असतानाच कागदावरची नक्षी त्यावर उतरवतात. मग रबरी पिशवीच्या तोंडाला बारीक काचेची नळी लावून, मेंदीच्या कोनातून रेघ काढावी तशी, दुधासारख्या पातळ केलेल्या मातीची उठावदार रेघ त्या नक्षीवरून ओढतात. या रेघांनी छोटे छोटे बांध तयार होतात. त्या बांधांच्या आत धातूंच्या ऑक्साइडचे रंग भरले जातात. मग पहिली भाजणी, त्यावर पारदर्शक झिलई आणि पुन्हा भट्टी. रंग झिलईच्या खाली असतात आणि दुसऱ्या भाजणीत थोडे वितळून वाहतात. मूरक्रॉफ्टचे सगळे सौंदर्य या वाहण्यात आहे. डाळिंबाचा लाल निळ्यात किंचित मिसळतो, पानाचा हिरवा कडेला दाट होतो. भट्टीत गेल्याशिवाय ही गोष्ट होत नाही, आणि ब्रशने तिची नक्कल करता येत नाही.

पहिली शंका तारखेची आली. तळाच्या फोटोत मातीत दाबलेला ठसा वाचता येत होता: 'मूरक्रॉफ्ट' आणि खाली 'मेड इन इंग्लंड'. कॉब्रिजच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ठसा 'मूरक्रॉफ्ट बर्स्लेम' असा असायचा, कारखाना कॉब्रिजला असूनही. 'मेड इन इंग्लंड' साधारण १९१८नंतर येते. १९२८मध्ये राणी मेरीची शाही पुरवठादार म्हणून मान्यता मिळाल्यावर 'पॉटर टू हर मॅजेस्टी द क्वीन' (राणीसाहेबांचा कुंभार) अशा अर्थाचे शब्द ठशात आले. ते इथे नव्हते. गडद निळी जमीनही नंतरच्याच काळाकडे बोट दाखवत होती. म्हणजे हा नग १९१३चा नव्हे, साधारण १९१८ ते १९२८मधला. लिलावघराने कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष घेऊन नगाला चिकटवले होते. ही चूक सर्रास दिसते आणि ती लबाडीतून आलेली असतेच असे नाही. पण तिच्यामुळे एक कळले, की यादी करणाऱ्याने हा नग बारकाईने पाहिलेला नाही. मग 'स्थिती चांगली' या शब्दांवरही तेवढाच भरवसा ठेवायचा.

इथे बहुतेक नवे संग्राहक थांबतात. ठसा जुळला, सही जुळली, वर्ष चुकले तरी भांडे खरे आहे, मग बोली लावायला हरकत काय? आमच्या मते तळ सगळ्यात शेवटी वाचावा. भांडे कोणाचे आहे हे सही सांगते, त्या भांड्यावर पुढे काय गुदरले ते सांगत नाही.

तिने लिलावघराला लिहून सहा फोटो मागवले: गळा चारही बाजूंनी जवळून, काठ वरून, आणि तोंडातून आत विजेरी टाकून आतला तळ. शिवाय वजन, मिलिमीटरमध्ये उंची आणि 'दुरुस्ती किंवा वरून रंग मारलेला आहे का' हा थेट प्रश्न. उत्तरात गळ्याचे चार फोटो आले आणि 'आम्हाला दुरुस्ती दिसली नाही' असे वाक्य. आतल्या तळाचा फोटो आला नाही. 'दिसली नाही' म्हणजे 'नाही' असे धरून चालत नाही. अशा वाक्यानंतर प्रत्यक्ष जाऊन पाहणे हाच मार्ग उरतो.

तरी गळ्याच्या एका फोटोत खूण होती. झिलई आणि तिच्याखालचे अंग भट्टीतून निघाल्यावर सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, आणि सच्छिद्र अंग पुढे वर्षानुवर्षे हवेतला ओलावा घेऊन किंचित फुगते. त्या ताणाने झिलईवर बारीक तड्यांचे जाळे येते. मूरक्रॉफ्टच्या जुन्या नगांवर ते नेहमीचेच असते आणि त्यासाठी किंमत फार कमी करायची नसते. या फुलदाणीच्या पोटावर जाळे होते, खांद्यावर होते, पण गळ्याच्या एका बाजूला एकदम थांबले होते. काठापासून खाली सुमारे सहा सेंटिमीटरचा पट्टा गुळगुळीत. दुसऱ्या बाजूला मात्र जाळे थेट काठापर्यंत चढले होते. झिलई आपोआप अशी मध्येच शहाणी होत नाही. जिथे तडे थांबतात तिथे बहुतेक वेळा झिलई संपून रंग सुरू झालेला असतो.

पाहणीच्या दिवशी तिच्या पिशवीत दहापट मोठे दाखवणारे भिंग, ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी, साधी छोटी विजेरी, मोजपट्टी, दंतवैद्याकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा आणि मऊ कापड एवढेच होते. टाचणी आणि ॲसिटोन घरी ठेवले, कारण आपल्या मालकीच्या नसलेल्या वस्तूवर ओरखडणारी किंवा रंग विरघळवणारी चाचणी मालकाच्या परवानगीशिवाय करायची नसते.

आधी हात. डोळे मिटून बोट काठावरून फिरवायचे. झिलई काचेसारखी थंड आणि घट्ट लागते, भट्टीत न भाजता वरून मारलेल्या रंगाचा थर किंचित कोमट आणि मेणचट. फरक सूक्ष्म असतो, पण एकाच भांड्यावर दोन्ही असतील तर बोट अडखळतेच. इथे ते अडखळले. मग मडके घेताना मारतो तशी टिचकी. फुलदाणी तळहातावर मोकळी ठेवून पोटावर बोटाच्या पेराने हलके ठोकायचे, गळा धरायचा नाही, नाहीतर चांगले भांडेही बद्द वाजते. नाद निघाला, पण आखूड, लगेच विझणारा. एकट्या आवाजावर निकाल देऊ नये. जाड तळ, अरुंद गळा, आत साचलेली धूळ यांनीही आवाज बसतो. पण बोटाने जे सांगितले त्याला आवाजाने दुजोरा दिला.

भिंगाखाली गळ्यावरच्या पानाची रेघ पाहण्यासारखी होती. मूळ मातीच्या रेघेच्या माथ्यावर झिलई पातळ असते, म्हणून रेघ फिकट दिसते. रेघेच्या दोन्ही अंगांना रंग साचून दाट झालेला असतो, जसे पावसात शेताच्या बांधालगत पाणी साचते. पोटावरची प्रत्येक रेघ अशीच होती. गळ्यावर मात्र रंग रेघेवरूनही गेला होता. माथा फिकट नव्हता, कडेला साचलेपण नव्हते, रेघ रुंद आणि बोथट होती. निळ्यात फार बारीक ठिपक्यांचा धुरळा दिसत होता. ही एअरब्रशची, म्हणजे रंगाचा फवारा मारणाऱ्या उपकरणाची, खूण.

अतिनील विजेरी शेवटी, अंधाऱ्या कोपऱ्यात. तिच्याबद्दल गैरसमज बरेच आहेत. अमुक रंगात चमकले म्हणजे दुरुस्ती, असा नियम नाही. जुने लाखेचे लेप नारिंगी चमकतात, कित्येक इपॉक्सी डिंक निळसर-पांढरे, आणि काही नवे लेप जवळजवळ चमकतच नाहीत. उलट कापडाचे तंतू आणि धुण्याच्या पावडरचा अंशही झळकतात. पाहायचे ते एवढेच, की एखादा डाग बाकीच्या अंगापेक्षा वेगळा वागतो का, आणि त्याची कड नक्षीशी काही संबंध नसलेली, मऊ, धुक्यासारखी आहे का. गळ्यावर तसाच एक पट्टा दुधाळ उजळला. आणि तळाच्या मधोमध दुसरा, छोटा गोल.

तळावर दुरुस्ती असेल अशी तिची अपेक्षा नव्हती. तिने आरसा आणि विजेरी तोंडातून आत सोडली. आतल्या पांढुरक्या झिलईत मधोमध सुमारे ११ मिलिमीटरची चकती वेगळ्या पांढऱ्याची होती आणि तिच्याभोवती झिलईच्या कपच्या उडालेल्या होत्या. भाजलेल्या भांड्याला बाहेरून ड्रिल घातले की ते आत निघते त्या बाजूला कपच्या उडतातच. बाहेरून घासून, रंगवून सगळे सपाट करता येते, पण अरुंद गळ्यातून हात आत जात नाही, म्हणून आतली बाजू बहुधा तशीच राहते. लिलावघराकडून नेमका हाच फोटो आला नव्हता. त्यात काही डाव होता असे मानायचे कारण नाही. गळ्यातून फोटो काढणे अवघड असते, इतकेच.

भोकाने गळ्याचाही उलगडा केला. घरोघरी वीज आल्यावर इंग्लंडमध्ये चांगल्या फुलदाण्यांचे टेबल-दिवे करायची पद्धत होती. तळाला भोक पाडायचे, त्यातून आटे पाडलेली नळी वर काढायची, गळ्यावर पितळी टोपी बसवायची आणि खालून नट आवळायचा. वायर त्या नळीतून जाते. मूरक्रॉफ्टचा कारखाना स्वतःही दिव्यांच्या बैठका बनवत असे, पण त्यांतले भोक भांडे ओले असतानाच पाडलेले असते. झिलई त्या भोकाच्या कडेवरून गोल वळून आत जाते, आणि असे भोक हा दोष मानत नाहीत. भाजल्यानंतर पाडलेल्या भोकाची कड कोरडी, दाणेदार असते. भाजलेली माती दाब चांगला सोसते, ताण सोसत नाही. हाताने बनवलेला काठ पूर्ण सपाट नसतो, टोपी दोन-तीन ठिकाणीच टेकते. नट आवळला की सगळा जोर त्या दोन-तीन बिंदूंवर येतो. वर दिव्याची उष्णता, आणि पितळ मातीपेक्षा जास्त प्रसरण पावते. काठावरून खाली उभी चीर जाते ती अशी. म्हणून गळ्यावर उभी दुरुस्ती आढळली तर लगेच तळाचा मध्य पाहावा, आणि तळाला भरलेले भोक आढळले तर गळा. दोन्ही एकाच आजाराची लक्षणे असतात.

मग सही पुन्हा वाचली. हिरव्या रंगात 'डब्ल्यू. मूरक्रॉफ्ट' तळभर आडवी गेली होती. दोन्ही टोकांची अक्षरे झिलईखाली किंचित फुटलेली, ओघात मारलेली. मधली दोन अक्षरे मात्र स्पष्ट, सावकाश, झिलईच्या वर बसलेली. भोकाने सहीचा मध्य खाल्ला होता आणि भोक भरणाऱ्याने तो पुन्हा लिहून दिला होता. भोक भरणे ही दुरुस्ती झाली. नाहीशी झालेली अक्षरे दुसऱ्याच्या हाताने लिहिणे ही फसवणूक आहे, मग ती करणाऱ्याचा हेतू काही का असेना. अक्षर वाचता येते म्हणून ते त्याच माणसाचे, असे पुढचा खरेदीदार धरून चालतो.

आता प्रश्न पैशांचा, आणि त्याआधी एक दुसरा: हे लिलावघराला सांगायचे का? गप्प राहिले तर बाकीचे ४०० पौंडांपर्यंत बोलतील आणि फुलदाणी हातची जाईल. सांगितले तर सगळ्यांनाच कळेल आणि किंमत खाली येईल. तिने सांगितले. आमच्या मते यात दुसरा योग्य पर्याय नाही, कारण वर्णन सुधारले नसते तर कोणीतरी दिव्याच्या सांगाड्याला अखंड फुलदाणीची किंमत मोजली असती. लिलावघराने तपासून विक्रीआधी सूचना लावली: तळाचे भोक भरलेले, गळ्याची दुरुस्ती, काळ १९२०चे दशक.

इंग्लंडमधल्या सार्वजनिक लिलावात आवडले नाही म्हणून नग परत करता येत नाही. ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या वस्तूला असते ती चौदा दिवसांची मुदत इथे धरून चालू नये. लिलावघरांच्या अटींत परताव्याची तरतूद बहुधा जाणूनबुजून केलेल्या बनावटीपुरती असते, न सांगितलेल्या दुरुस्तीपुरती नसते. 'ए. एफ.' ही दोन अक्षरे दिसली तर नग दोषांसकट जसा आहे तसा विकला जात आहे. पण ती अक्षरे नसणे म्हणजे दोष नसणे नव्हे.

हिशेब असा. हातोडा ४५० पौंडांवर पडला असता तर या लिलावघराचे २५ टक्के खरेदीदार-शुल्क ११२.५० पौंड, त्या शुल्कावर २० टक्के व्हॅट २२.५० पौंड, एकूण ५८५. ऑनलाइन मंचावरून बोली लावली असती तर मंचाचे ५ टक्के आणि त्यावरचा व्हॅट मिळून आणखी २७, म्हणजे ६१२. भोक आणि चीर दोन्ही असलेल्या फुलदाणीला अखंड नगाच्या एक-तृतीयांशाहून जास्त देऊ नये असे आम्ही मानतो. नुसती छोटी चीर असती तर निम्मे दिले असते तरी चालले असते. तिने १५० पौंडांची लेखी बोली लिलावघरातच ठेवली, त्यामुळे मंचाचे शुल्क वाचले. हातोडा १४०ला पडला. शुल्क ३५, व्हॅट ७, हातात १८२ पौंडांना.

असा नग घ्यावाच का? डाळिंबाचे पोट निर्दोष होते. एक फळ उकललेले, जांभळे दाणे दिसणारे, बाजूला गडद द्राक्षासारखी फळे, आणि लाल रंग निळ्यात उतरताना भट्टीने जे केले आहे ते कोणत्याही अखंड नगाच्या तोडीचे. नफ्यासाठी जमवणाऱ्याने याला हात लावू नये. रोज पाहण्यासाठी जमवणाऱ्याला १८२ पौंडांत याहून चांगली डाळिंबे मिळणे कठीण.

पुढचे काम मातीच्या भांड्यांच्या संवर्धन-तज्ज्ञाकडे गेले, घरी केले नाही. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन आधी गळ्याच्या मागच्या बाजूला नखाएवढी जागा पुसून पाहिली. बोळा निळा झाला. झिलईखालचा रंग कधीच असा निघत नाही, म्हणून निर्धास्तपणे पुढे जाता आले. मॅकिंटायर काळातल्या काही भांड्यांवर सोनेरी काम असते, तिथे ही मोकळीक घेऊ नये. थर उतरत गेला तसे खालून मूळ पान वर आले, बांध आणि साचलेला हिरवा रंग यांसकट. खरे नुकसान म्हणजे काठापासून ३८ मिलिमीटरची एक चीर आणि काठावर चार मिलिमीटरची एक कपची. एवढ्यासाठी सहा सेंटिमीटरभर धडधाकट नक्षी झाकून टाकली होती. फवाऱ्याच्या दुरुस्तीत हेच होते: रंग जुळत नाही म्हणून कड विरळ करत न्यायची, आणि ती विरळ करता करता चांगल्या भागावर चढायचे.

चिरेत जुना मळ बसून ती तपकिरी झाली होती. ती ओल्या लेपाने फिकी केली. घरगुती ब्लीच इथे कधीही वापरू नये. त्यातले क्षार सच्छिद्र अंगात राहतात, वाळताना स्फटिक होतात आणि झिलईला आतून उचलतात. कपचीच्या जागी ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळेल असा पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचा भराव घातला आणि फक्त तेवढ्याच जागेपुरता रंगवला. चीर दिसेल तशी ठेवली. भोकातला भराव काढला नाही, कारण तो ओढताना आजूबाजूच्या आणखी कपच्या उडाल्या असत्या. मधली दोन खोटी अक्षरे मात्र पुसली. आता तळाला सहीची दोन टोके आहेत आणि मध्ये साधा पांढरट गोल.

फुलदाणीत पाणी भरायचे नाही. जाळे पडलेली झिलई पाणी आत सोडते आणि अंगावर डाग उमटतो. धूळ मऊ ब्रशने काढायची, पाण्यात बुडवायची नाही, भिंतीला टेकवून ठेवायची नाही. नोंदकार्डावर उंची, वजन, काळ, किंमत आणि दुरुस्तीआधीचे व नंतरचे फोटो यांच्याबरोबर हे लिहिले आहे: 'भाजणीनंतर पाडलेले भोक, ११ मिमी, भरलेले, काठापासून चीर, ३८ मिमी, न झाकलेली, कपची, ४ मिमी, भरलेली, सहीचा मधला भाग नष्ट.' कार्डाची एक प्रत घडी करून फुलदाणीच्या आत ठेवली आहे, विकली गेली तर तीही बरोबर जाईल.